पिकअपमधला हवेचा कॉम्प्रेसर : वायर जपा, घर जपा

चिकलठाण्यात जालना रोडच्या कडेला सकाळी उभे राहिले, की पिकअप गाड्यांची ये-जा डोळ्यांत भरते. कोणी एमआयडीसीतल्या कारखान्याचा माल घेऊन शेंद्र्याकडे निघालेला असतो, कोणी करमाडच्या बाजूने भाजीपाला आणून जाधववाडीच्या बाजारात उतरवून परतत असतो. एके काळी कारखान्याच्या गेटवर बदली कामासाठी ताटकळत उभी राहणारी जी माणसे होती, त्यांच्यापैकी काहींची मुले आज अशा गाड्यांची मालक आहेत. गाडी कर्जाची असते. हप्ता महिन्याच्या महिन्याला जातो. त्या एका गाडीवर घरातली पाच-सहा तोंडे जेवतात, मुलांच्या शाळेची फी निघते. म्हणून अशा गाडीला आग लागली, तर जळते ती नुसती गाडी नव्हे. हप्ता तसाच राहतो आणि कमाई मात्र थांबते.

अलीकडे अनेक पिकअपमध्ये बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा कॉम्प्रेसर बसवलेला दिसतो. त्याचा उपयोग खरोखर आहे. कोणी त्यावर फिरते पंक्चरचे दुकान चालवतो, कोणी शेतात जाऊन ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरून देतो, तर कोणी रात्री-अपरात्री माल नेताना स्वतःच्या चाकांची हवा तपासून घेतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. भरल्या गाडीच्या चाकात हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. तेव्हा हवेचे साधन गाडीतच असणे हा शहाणपणाच आहे.

प्रश्न आहे तो त्याच्या जोडणीचा. बहुतेक ठिकाणी ही जोडणी अर्ध्या तासात उरकली जाते. बॅटरीवरून दोन वायरी काढायच्या, मध्ये एक स्विच टाकायचा, काळी टेप गुंडाळायची, झाले. कॉम्प्रेसर चालतो. चालतो म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते. नेमके इथेच पाणी मुरते.

निरीक्षक आपणच

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या माणसाला दाबाची हवा नवीन नाही. पाना, ग्राइंडर, रंगाची गन, किती तरी गोष्टी तिथे हवेवर चालतात. पण कारखान्यातला कॉम्प्रेसर जाणकार वायरमनने जोडलेला असतो. त्याच्या टाकीची ठरावीक मुदतीने तपासणी होते. १९४८ च्या कारखाने कायद्यात दाबाच्या यंत्रांसाठी कलम ३१ स्वतंत्र ठेवले होते. कामगाराच्या जिवाची काळजी कायद्याने घ्यावी, हा त्यामागचा हेतू होता.

तोच कामगार जेव्हा आपल्या पिकअपमध्ये कॉम्प्रेसर बसवतो, तेव्हा तिथे निरीक्षक येत नाही आणि सुरक्षा अधिकारीही नसतो. मालक तोच, कामगार तोच. म्हणून निरीक्षकाचे कामही त्यालाच करावे लागते. काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे हे बरे. पण ते काम बरोबर झाले की नाही, हे घरातल्या माणसांना कळले पाहिजे. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही.

बारा व्होल्टचा भ्रम

"बॅटरीच्या वायरला हात लावला तरी शॉक बसत नाही, मग धोका कसला?" हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. शॉक बसत नाही हे खरे. पण आग लागायला शॉक लागत नाही. आग लागते ती वायरीतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या उष्णतेने, आणि बारा व्होल्टच्या यंत्रात हा प्रवाह घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

हिशेब सोपा आहे. यंत्राच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात, म्हणजे प्रवाह. समजा, कॉम्प्रेसर ३६० वॅटचा आहे. इतक्याच वॅटचा मिक्सर घरात २३० व्होल्टवर दीड अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. कॉम्प्रेसर मात्र १२ व्होल्टवर ३० अँपिअर घेतो. काम सारखेच, पण प्रवाह एकोणीस-वीस पट! मिक्सरला पुरणारी वायर इथे पुरेल कशी?

सिगारेट लायटरच्या खाचेत पिन घालून चालणारे लहान कॉम्प्रेसर मिळतात. ते तुलनेने कमी प्रवाह घेतात. गाडीच्या पुस्तकात त्या खाचेचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते पाहावे आणि त्यापेक्षा मोठे यंत्र तिथे लावू नये. २५-३० अँपिअरचा कॉम्प्रेसर त्या खाचेसाठी नसतोच. त्याला बॅटरीपासून स्वतंत्र वायर लागते.

दहावीच्या पुस्तकातले गणित

वायर किती जाड हवी, हे घरातली दहावीतली मुलगी काढून देऊ शकते. विद्युतधारेमुळे वायर का तापते, हे तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हा ज्यूलचा नियम. त्याच्या आधी १८२७ साली जर्मनीतल्या गेऑर्ग ओहमने प्रवाह, दाब आणि रोध यांचे नाते मांडले. हा ओहम कुलुपे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. बापाला शाळा मिळाली नव्हती. तो स्वतःच शिकला आणि मुलांना घरी गणित-विज्ञान शिकवले. तेव्हा हे ज्ञान कारागिराच्या घरातूनच आलेले आहे, ते परके मानू नये.

तांब्याच्या वायरीसाठी सूत्र असे : ०.०१७ गुणिले वायरीची जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, भागिले वायरीची जाडी. जाडी चौरस मिलिमीटरमध्ये घ्यायची. दुकानात तिलाच नुसते 'एमएम' म्हणतात. उत्तर येते ते वाटेत वाया जाणारे व्होल्ट.

समजा, बॅटरी पुढे बोनेटखाली आहे आणि कॉम्प्रेसर मागे हौद्यात. जायला पाच मीटर, यायला पाच मीटर, एकूण दहा. प्रवाह ३० अँपिअर. मग वेगवेगळ्या वायरींचे उत्तर असे येते :

अडीच एमएमची वायर : २.०४ व्होल्ट वाया, वायरीत सुमारे ६१ वॅट उष्णता.

चार एमएमची वायर : १.२८ व्होल्ट वाया, सुमारे ३८ वॅट उष्णता.

सहा एमएमची वायर : ०.८५ व्होल्ट वाया, सुमारे २५ वॅट उष्णता.

दहा एमएमची वायर : ०.५१ व्होल्ट वाया, सुमारे १५ वॅट उष्णता.

अडीचच्या वायरीचे ६१ वॅट म्हणजे पूर्वी घरात लावत असू त्या ६० च्या पिवळ्या बल्बची उष्णता. ती दहा मीटरभर पसरलेली असते, हे खरे. पण जिथे वायर गुंडाळी करून सीटखाली खोचलेली असते, तिथे ती एकाच जागी साचते. शिवाय कॉम्प्रेसरला बारा-साडेबाराऐवजी दहा-साडेदहा व्होल्ट मिळतात. तो कण्हत चालतो, हवा भरायला जास्त वेळ घेतो, आणि तेवढा वेळ वायर आणखी तापते.

यातून एक युक्ती निघते. काही गाड्यांत बॅटरी बोनेटखाली असते, काहींत चेसिसच्या बाजूला. ती जिथे असेल तिथून जवळात जवळ कॉम्प्रेसर बसवावा आणि लांबी हवेच्या पाइपाला द्यावी. पाइप लांब केल्याने आग लागत नाही. बॅटरीपासून दीड मीटरवर कॉम्प्रेसर असेल, तर सहाच्या वायरीतही पाव व्होल्टच वाया जातो. मागे हौद्यातच बसवायचा असेल, तर दहाची वायर घ्यावी. पैसे जास्त जातात, पण एकदाच जातात.

वायर घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ती गाडीसाठीची, पुष्कळ बारीक तारांची ऑटो केबल असावी. वाहनांच्या केबलसाठी आय.एस. २४६५ हे भारतीय मानक आहे. घरातल्या भिंतीत जाणारी वायर इंजिनाची उष्णता, ऑइल आणि सततचा हादरा यांसाठी बनवलेली नसते. दुसरी, तार खरेच तांब्याची आहे का ते पाहावे. बाजारात अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायरही मिळते. ब्लेडने तार खरवडली आणि आत पांढरी चकाकी दिसली, तर ती परत करावी.

फ्यूज कोणासाठी असतो?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही : फ्यूज कॉम्प्रेसरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. म्हणून तो कॉम्प्रेसरजवळ लावून उपयोग नाही. तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा.

कारण समजून घ्या. बॅटरीपासून निघालेली वायर बोनेटखालून, पत्र्याच्या भोकातून, चेसिसच्या कडेने जाते. गाडी रोज हादरते. एखाद्या धारदार कडेवर वायरीचे आवरण घासत जाते. सहा महिन्यांनी, वर्षाने आतले तांबे पत्र्याला टेकते. पत्रा म्हणजे बॅटरीचे मायनस. त्या क्षणी वायरीतून तीस नव्हे, शेकडो अँपिअर वाहू लागतात, कारण इंजिन फिरवणारी बॅटरी तेवढे देऊ शकते. काही क्षणांत वायर लालभडक होते आणि आवरण पेट घेते. फ्यूज जर पुढे पाच मीटरवर कॉम्प्रेसरजवळ असेल, तर तो जागचा हलतही नाही. प्रवाह त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आणखी एक. ही वायर थेट बॅटरीवरून आलेली असते. म्हणजे चावी काढली तरी तिच्यात वीज असते. गाडी अंगणात उभी, चावी घरात खुंटीला, घर झोपलेले, तरीही ही वायर जागी असते. उन्हाळ्यात हवेशीर म्हणून गाडीतच झोपणारे ड्रायव्हर आपण पाहतो. त्यांनी तर हे नीट वाचावे.

फ्यूज केवढा असावा? कॉम्प्रेसरच्या प्रवाहाच्या साधारण सव्वापट आणि वायरीच्या ताकदीपेक्षा कमी. ३० अँपिअरच्या कॉम्प्रेसरला ४० अँपिअरचा फ्यूज आणि वर सांगितलेली सहाची किंवा दहाची वायर. फ्यूजची डबीही तेवढ्या अँपिअरची आणि पाणी न शिरणारी असावी. बारीक वायरीची हलकी डबी फ्यूजच्या आधी स्वतःच वितळते.

घरातल्या जुन्या किटकॅट फ्यूजला जाड तार बांधून पुन्हा फ्यूज जाऊ नये अशी सोय करणारे पूर्वी असत. तीच खोड गाडीत येते. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, तारेचा तुकडा, नाहीतर साठचा फ्यूज घालायचा. असे करू नये. फ्यूज उडाला म्हणजे त्याने आपले काम केले. तो का उडाला ते शोधावे, मगच तेवढ्याच अँपिअरचा दुसरा बसवावा. दोन जास्तीचे फ्यूज गाडीत ठेवावेत.

स्विचवर भार नको, रिले हवा

डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून ३० अँपिअर नेणे म्हणजे लहान मुलाच्या डोक्यावर पोते देणे. स्विचची पाती आतून जळतात, प्लॅस्टिक वितळते, कधी पाती चिकटून बसतात आणि कॉम्प्रेसर बंदच होत नाही. यासाठी रिले वापरतात. स्विच फक्त रिलेला इशारा देतो. त्याला एक अँपिअरही लागत नाही. खरा भार रिले उचलतो.

रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ३० वर फ्यूजकडून येणारी जाड वायर, ८७ वरून कॉम्प्रेसरला जाणारी जाड वायर, ८६ वर स्विचकडून येणारी बारीक वायर आणि ८५ वर अर्थ. स्विचला वीज अशा ठिकाणाहून द्यावी, जिथे चावी फिरवल्यावरच ती येते, आणि तिथेही पाच अँपिअरचा छोटा फ्यूज घालावा. मग चावी काढली की कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. ३० अँपिअरच्या यंत्राला निदान ४० अँपिअरचा रिले हवा. यंत्र त्याहून मोठे असेल तर ७०-८० चा घ्यावा. सुरू होताना मोटर क्षणभर जास्त प्रवाह ओढते, हे ध्यानात ठेवावे.

टाकी असलेल्या कॉम्प्रेसरला प्रेशर स्विच असतो. टाकी भरली की तो यंत्र बंद करतो. तो रिलेच्या बारीक वायरीत जोडावा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. नव्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये संगणक आहे. अशा गाडीच्या तयार वायरीला मध्येच चिरून जोड देऊ नये. काही गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. तिथे कॉम्प्रेसरची मायनस वायर थेट बॅटरीच्या खांबाला न लावता गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या अर्थच्या जागी लावावी. गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला विचारून लेखी घ्यावे.

अर्थ आणि सांधे

प्लसची काळजी सगळे घेतात. मायनसची कोणी घेत नाही. जेवढा प्रवाह जातो तेवढाच परत येतो, म्हणून अर्थची वायरही तितकीच जाड हवी. रंगावर बोल्ट आवळून अर्थ होत नाही. रंग खरवडून चकचकीत लोखंड काढावे, वायरीला तांब्याचे थिंबल दाबयंत्राने घट्ट दाबावे, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळावा आणि वरून व्हॅसलिनसारखे ग्रीस लावावे, म्हणजे गंज चढत नाही.

वायरींना पीळ देऊन त्यावर टेप गुंडाळलेला सांधा सर्वांत वाईट. असा सांधा सैल झाला आणि त्याचा रोध अवघा ०.०५ ओहम झाला, तरी ३० अँपिअरला तिथे ४५ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते आणि ते कथील वितळवते! इथे उष्णता त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तीही नखाएवढ्या जागेत, टेपच्या आत. म्हणून वायर शक्यतो अखंड न्यावी. सांधा अटळ असेल तर दाबलेली तांब्याची नळी आणि वरून उष्णतेने आवळणारे आवरण वापरावे.

वायरीची वाट

वायर सायलेन्सरच्या पाइपापासून, डिझेलच्या नळीपासून, ब्रेकच्या पाइपापासून आणि फिरणाऱ्या शाफ्टपासून लांब ठेवावी. पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी ग्रोमेट बसवावे. संपूर्ण वायरीवर खाचांची प्लॅस्टिक नळी चढवावी आणि हात-हातभर अंतरावर पट्ट्यांनी बांधावी, म्हणजे ती लोंबत नाही, घासत नाही. हौद्यात माल चढवताना क्रेट किंवा पोती तिच्यावर आदळणार नाहीत, असे पाहावे.

कॉम्प्रेसर स्वतः हवेशीर जागी, रबरी पट्टीवर बोल्टने घट्ट बसवावा. बंद पेटीत तो कोंडू नये. मोटरच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात. म्हणून सीएनजीच्या टाकीजवळ तो बसवू नये, आणि गाडीत पेट्रोलचा कॅन किंवा थिनरचे डबे असताना चालवू नये.

काम सुरू करताना अंगठी, कडे, घड्याळ उतरवावे. बॅटरीचे मायनस आधी सोडावे, मग प्लस. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. कारण असे, की मायनस सुटलेले असले तर प्लसवर चालणारा पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

चालवताना

इंजिन सुरू ठेवूनच कॉम्प्रेसर चालवावा, आणि तेही उघड्यावर. बंद शेडमध्ये धूर कोंडतो. इंजिन बंद ठेवून ३० अँपिअरचे यंत्र वीस मिनिटे चालवले, तर बॅटरीतून दहा अँपिअर-तास निघून जातात. असे दोन-तीनदा झाले की रात्री आडरस्त्याला गाडीला धक्का मारण्याची पाळी येते. यंत्राच्या पट्टीवर किती मिनिटे चालवायचे आणि किती मिनिटे थंड होऊ द्यायचे हे लिहिलेले असते. ते पाळावे.

टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बुजवू नये. दिवसाचे काम संपल्यावर टाकीखालचा कॉक उघडून आत जमलेले पाणी काढावे. नाहीतर टाकी आतून गंजते आणि एक दिवस फुटते. जुन्या गॅस सिलिंडरला भोके पाडून टाकी बनवण्याचा उद्योग जिवावर बेतणारा आहे. चाकात हवा भरताना तोंड टायरच्या समोर धरू नये, बाजूला उभे राहावे. आणि हवेचा पाइप माणसाच्या अंगावर थट्टेनेही धरू नये. दाबाची हवा शरीरात शिरली तर आतडी फाटतात, माणूस दगावतो. मुलांना हे आजच सांगावे.

कागदही नीट हवेत

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. म्हणून हौद्याची रचना बदलण्याआधी आरटीओत विचारावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. कंपनीने न बसवलेल्या विजेच्या जोडसामानाचा विमा पॉलिसीत वेगळा नोंदवता येतो. त्या कलमाला आय.एम.टी. २४ म्हणतात. सामानाचे आणि मजुरीचे बिल घ्यावे, जपून ठेवावे. गाडीला आग लागून दावा करण्याची वेळ आली, तर "वायरिंग कोणी केले?" हा प्रश्न येणारच. तेव्हा बिल बोलते, तोंडी शब्द बोलत नाही. अनेक घरांत कागदांची पेटी घरातली बाईच सांभाळते. हे बिलही तिच्याकडेच द्यावे.

कापून गाडीत ठेवा

पुढचे प्रश्न इलेक्ट्रिशियनसमोर वाचावेत. प्रत्येकाचे उत्तर 'होय' आले, तरच पैसे द्यावेत.

१. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज आहे का?

२. फ्यूज वायरीच्या ताकदीपेक्षा लहान आहे का?

३. प्लस आणि अर्थ, दोन्ही वायरी सारख्याच जाड आणि तांब्याच्या आहेत का?

४. रिले आहे का? चावी काढल्यावर कॉम्प्रेसर बंद होतो का?

५. अर्थच्या जागी रंग खरवडला आहे का?

६. वायर अखंड आहे का? पिळून टेप लावलेला सांधा कुठेही नाही ना?

७. पत्र्याच्या प्रत्येक भोकात ग्रोमेट आहे का?

८. वायर सायलेन्सर आणि डिझेलच्या नळीपासून लांब आहे का?

९. दहा मिनिटे चालवल्यावर फ्यूजची डबी, रिले आणि थिंबल यांना उलटा हात टेकवता येतो का? कोमट चालेल, चटका बसला तर काम परत.

१०. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवरचे व्होल्ट आणि कॉम्प्रेसरवरचे व्होल्ट यांत फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास आहे का? दोन-चारशे रुपयांच्या मल्टिमीटरवर हे दिसते.

आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण हादऱ्याने ते सैल होतात. आय.एस.आय. मार्कचे पावडरचे अग्निशामक नळकांडे ड्रायव्हरच्या हाताशी ठेवावे, मालाखाली नव्हे. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर गाडी कडेला घ्यावी, चावी काढावी, आधी माणसे उतरवावीत. बोनेटमधून धूर येत असेल तर ते एकदम उघडू नये. आत हवा जाते आणि ज्वाळा तोंडावर येते. ११२ किंवा १०१ ला फोन करावा. माल आणि मोबाइलसाठी परत गाडीत शिरू नये.

ज्यांच्या गाडीत कॉम्प्रेसर आधीच बसवलेला आहे, त्यांना आमची एवढीच विनंती. येत्या सुट्टीच्या दिवशी बॅटरीची जागा उघडा. प्लसवरून कॉम्प्रेसरकडे निघालेली वायर पाहा आणि वीत मोजा. तेवढ्यात फ्यूज सापडला नाही, तर मायनस सोडून ठेवा आणि फ्यूज बसेपर्यंत गाडी भाड्याला काढू नका.